गाण्याचं स्केल नक्की कुठलं? डी, जी, की दोन्ही?

प्रॅक्टिसला कीबोर्डवाला म्हणाला "डी आहे रे", मी मान डोलावली, आणि सोलो आल्यावर बिनधास्त डी मेजर स्केल सुरू केलं. गाणं होतं लिनर्ड स्किनर्डचं 'स्वीट होम अलाबामा', १९७४ चं, तीन कॉर्ड, डी सी जी, गिटार शिकणारा कुणीही वर्षभरात त्या गाण्यापाशी येतोच. दुसऱ्याच कॉर्डवर, म्हणजे सी वर, मी सी शार्प असा काही ताणून धरला की ड्रमर वाजवता वाजवता माझ्याकडे बघायला लागला. मग बेसवाला म्हणाला डी कसलं, जी आहे ते गाणं, कीबोर्डवाला म्हणाला जी कसलं, डी वर सुरू होतंय दिसत नाही का, आणि पुढचा अर्धा तास भाड्याच्या हॉलचे पैसे भरून आम्ही फक्त भांडलो.

नंतर कळलं की डी म्हणणारा चूक नव्हता आणि जी म्हणणाऱ्याकडेही मुद्दे होते. घोळ माझा होता, एक अक्षर ऐकून पुढचे सातही सूर मी मनानेच भरले. तेव्हापासून गाणं बसवताना मी जे करतो ते इथे पायरीपायरीने लिहितोय. थिअरी येत नसली तरी चालेल, कॉर्ड ओळखता येतात आणि सारेगमप माहितीये एवढं पुरे. सोबत गिटार किंवा कीबोर्ड, एक बरा हेडफोन आणि फोनवर तानपुऱ्याचं ॲप.

पायरी १: कोण काय विचारतंय ते आधी बघा

आपल्याकडे "स्केल काय?" हा एकच प्रश्न तीन माणसं तीन अर्थांनी विचारतात. गायक विचारतो तेव्हा त्याला पट्टी हवी असते, काळी चार की पांढरी एक, म्हणजे सा कुठे धरायचा आणि वरचा सूर गळ्याला झेपणार का. सोलो वाजवणारा विचारतो तेव्हा त्याला हवी असते सुरांची यादी, कुठले सात सूर चालतील आणि कुठले अंगावर येतील. आणि तिसरा असतो थिअरीवाला, त्याला हवं असतं घर, म्हणजे गाणं फिरून फिरून कुठे येऊन टेकतं.

बऱ्याच साध्या गाण्यांत तिन्हींचं उत्तर एकाच अक्षरात येतं म्हणून आपल्याला ही सवय लागते. सी मेजर म्हटलं की सा सी वर, सूर सगळे पांढरे, घर सी. पण रॉक आणि पॉपमध्ये सूर एका स्केलचे आणि घर भलतीकडेच असं सर्रास असतं, आणि तिथेच भांडणं होतात, कारण एकजण यादीबद्दल बोलत असतो आणि दुसरा घराबद्दल. आमच्या त्या भांडणात बेसवाला यादी सांगत होता (जी मेजरचे सूर, एफ शार्प आहे, सी साधा आहे) आणि कीबोर्डवाला घर सांगत होता. दोघंही जोरात.

आपल्याला खरं तर हे नवीन नाही. भूप आणि देशकार, सूर तेच पाच, राग दोन. मारवा, पूरिया, सोहनी, तिन्हींत तेच सहा सूर, पण कुठे थांबायचं, कशावर जोर द्यायचा ते वेगळं, आणि मैफलीत दोन मिनिटांत जाणकार सांगतो कुठला चाललाय. तिथे निदान तानपुरा मागे सा धरून बसलेला असतो, त्यामुळे सा कुठे यावर कुणी भांडत नाही. पॉप गाण्यात तो तानपुरा नसतो हो, तो तुमचा तुम्हाला शोधायचाय.

पायरी २: कॉर्ड लिहा, पण किती वेळ ते पण लिहा

नेटवर मिळणारे कॉर्ड उतरवून घ्यायला हरकत नाही, पण एकदा तरी स्वतः बेस ऐकून तपासा. बेस काय वाजवतोय ते गुणगुणा, मग गिटारवर शोधा. बेसचा सूर म्हणजेच कॉर्डचं नाव असं दरवेळी नसतं, जी कॉर्डखाली बी वाजत असेल तरी तो जी कॉर्डच, हे लक्षात ठेवा, नवीन मुलं इथे फसतात आणि मग बी मायनर लिहून मोकळी होतात.

कॉर्डच्या खाली मात्रा लिहा, हे फार महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. 'स्वीट होम अलाबामा'त डी ला २ मात्रा, सी ला २ मात्रा आणि जी ला ४ मात्रा, असं दोन बारचं (एक बार म्हणजे ४ मात्रांचा तुकडा) चक्र सारखं फिरतं. नुसतं "डी सी जी" लिहिलं की ही माहिती उडून जाते आणि पुढचा अर्धा वाद ह्या माहितीवरच आहे.

आणि कॅपो (गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा, सगळ्या तारा वर चढतात), ट्यूनिंग! 'हिअर कम्स द सन' मध्ये जॉर्ज हॅरिसनने सातव्या फ्रेटवर कॅपो लावलाय, बोटं डी च्या शेपची, ऐकू येतं ए मेजर. 'स्वीट चाइल्ड ओ माइन' मध्ये सगळी गिटारं अर्धा सूर उतरवलेली, बोटं डी ची पण आवाज डी फ्लॅटचा, आपल्या भाषेत काळी एक. त्यामुळे गिटारवाला डी म्हणतो, कीबोर्डवाला डी फ्लॅट म्हणतो, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. असलं भांडण एका मिनिटात मिटतं, फक्त आधी विचारायचं, "शेप सांगतोयस की आवाज?"

पायरी ३: ॲपचं उत्तर पुसट पेन्सिलीने लिहा

गाणं टाकलं की त्याची 'की', म्हणजे सा कुठला आणि मेजर की मायनर, ते सांगणारी ॲप्स आणि वेबसाइट आता ढिगाने आहेत. वापरा, पण ती काय करतात ते माहिती असू द्या. ह्यातल्या अनेकांच्या मुळाशी असलेली कल्पना अशी, की बारापैकी कुठला सूर किती वाजला याचा हिशोब मांडायचा आणि तो मेजर-मायनरच्या ठरलेल्या साच्याशी जुळवून बघायचा. कॅरल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ मध्ये लोकांना आधी सुरांचा संदर्भ ऐकवून मग एकेक सूर किती चपखल बसतो ते विचारलं होतं, तसल्या प्रयोगांतून हे साचे आले. आयडिया चांगली आहे, पण ह्या हिशोबातून यादी चांगली कळते, घर तेवढं नाही. शिवाय अशा प्रोग्रॅमकडे सहसा २४ च उत्तरं असतात, १२ मेजर आणि १२ मायनर. सूर जी मेजरचे आणि घर डी, अशा आमच्या गाण्याला त्यात खोकंच नाही, मग ते बिचारं जवळच्या कुठल्यातरी खोक्यात कोंबतं.

गंमत म्हणजे संशोधकांनाही हे माहितीये. मिरेक्स नावाने अशा प्रोग्रॅमच्या चाचण्या होतात, तिथे की ओळखण्याचे मार्क असे देतात: बरोबर आलं तर १, पाचव्या सुराच्या अंतरावरची की सांगितली तर ०.५, मेजरच्या ऐवजी तिचीच जोडीदार मायनर (सूर तेच, सा वेगळा) सांगितली तर ०.३, आणि सा तोच पण मेजर-मायनर उलटं झालं तर ०.२. म्हणजे गाणं सी मेजर असताना जी मेजर म्हटलं तर अर्धा मार्क. चुकलं तरी किती जवळ चुकलं याचे मार्क, बोर्डाच्या पेपरसारखं. तुम्हीही प्रॅक्टिसमध्ये समोरच्याला असेच मार्क द्या, "तू ०.५ बरोबर आहेस" असं म्हटलं की भांडण बरंच थंड होतं, स्वानुभव.

पायरी ४: सा शोधा, आधी गळ्याने

गाणं अधेमधे कुठेही बंद करा, डोळे मिटा, आणि जो सूर आपोआप गुणगुणावासा वाटतो तो धरून ठेवा. विचार करायचा नाही. मग गिटारवर बघा तो कुठला आहे. असं तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून करा, कारण एकदाच केलं तर शेवटी जो कॉर्ड वाजला त्याचाच सूर तोंडात येतो.

मग तानपुरा. जे दोन उमेदवार असतील ते एकेक करून ॲपवर लावा आणि वर गाणं चालू करा. 'स्वीट होम' खाली डी लावलं तर मला गाणं बसल्यासारखं वाटतं, जी चा बार म्हणजे जरा बाहेर चक्कर मारून परत आल्यासारखा. जी लावलं तर डी आणि सी हे दोन कॉर्ड जी ची वाट बघत उभे असल्यासारखे वाटतात. दोन्ही ऐकून बघा आणि प्रामाणिकपणे सांगा कुठलं जास्त पटतं. फक्त तानपुरा फार वेळ लावून ठेवू नका, आपल्या लोकांचा कान असा तयार झालाय की तानपुरा सुरू झाला की त्यालाच सा मानायचं, पाच मिनिटं ठेवला तर चुकीचा सा पण गोड लागायला लागतो. मी वीसेक सेकंद ऐकतो, बंद करतो, थोडं थांबतो, मग दुसरा.

पायरी ५: सूर मांडा आणि थाट लावून बघा

आता कॉर्डमधले सगळे सूर एका ओळीत लिहा आणि तुमच्या सा पासून मोजा. आपल्या थाटांपैकी सहा थाट पाश्चात्य मोडशी (तिकडचे सात सुरांचे साचे) सुरांच्या बाबतीत सरळ जुळतात: बिलावल म्हणजे साधा मेजर, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, कल्याण म्हणजे लिडियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन. ग्रीक नावं पाठ करण्यात माझं एक वर्ष गेलं, आणि मग एका हार्मोनियमवाल्या काकांनी पाच मिनिटांत सांगितलं की अरे हे तर तुला येतंय. (थाट म्हटलं म्हणजे फक्त सूर हं, खमाज लिहिलं म्हणून खमाज रागाच्या हरकती घ्यायच्या नाहीत.)

डी सी जी मधले सूर: डी, एफ शार्प, ए, मग सी, ई, जी, मग जी, बी, डी. डी ला सा धरलं तर सगळं शुद्ध आणि नी कोमल, म्हणजे खमाज. जी ला सा धरलं तर सरळ बिलावल. सूर तेच. मी ज्याला डी समजून आपटलो तो होता डी बिलावल, आणि गाणं होतं डी खमाज. म्हणून आता माझ्या वहीत मी एक अक्षर कधीच लिहीत नाही, कायम जोडी लिहितो, घर आणि थाट. "डी, खमाज." सोलोवाल्याला सूर कळतात, गायकाला सा कळतो, आणि ज्याला जी म्हणायचंय त्याने जी म्हणावं, सी शार्प तर कुणीच वाजवणार नाही.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे डाफ्ट पंकचं 'गेट लकी', २०१३. चार कॉर्ड, प्रत्येकी एक बार: बी मायनर, डी, एफ शार्प मायनर, ई. गाणंभर तेच चाक फिरतं. सूर मांडले तर ए मेजर स्केलचे सातही सूर येतात, पण ए मेजर कॉर्ड त्या चाकात कुठेच नाही! बी ला घर म्हणाल तर काफी, एफ शार्पला म्हणाल तर आसावरी, आणि ए ला म्हणाल तर बिलावल पण घरमालक बाहेरगावी. ह्या गाण्यावरून लोक वर्षानुवर्षं भांडतायत. मला स्वतःला बी वाटतं कारण चाकाची सुरुवात तिथे आहे आणि ई नंतर बी मायनर आला की पाय जमिनीला लागतो. माझा एक मित्र एफ शार्पवर अडून बसलाय आणि त्याला पटवायचं मी सोडून दिलंय, कारण आम्ही दोघं वाजवतो तेव्हा सूर तेच वाजतात.

आपल्या मूर्च्छनेचा खेळ हाच आहे बघा. भूपाचेच पाच सूर घ्या, गंधाराला सा म्हणा, मालकंस होतो. पंचमाला सा म्हणा, दुर्गा. धैवताला सा म्हणा, धानी. पेटीवर करून बघा आणि मग 'गेट लकी'कडे परत या, डोक्यात लख्ख पडेल.

पायरी ६: घर ठरवताना काय काय मोजायचं

"पहिला कॉर्ड म्हणजे स्केल" हा नियम कुणी शिकवला असेल तर विसरा. १९६६ मध्ये जिमी हेंड्रिक्सने काढलेलं 'हे जो' घ्या, सी, जी, डी, ए प्रत्येकी २ मात्रा आणि मग ई तब्बल दोन बार. सुरुवात सी वर, पण कुठल्याही शहाण्या कानाला घर ई वरच वाटतं, आधीचे चार कॉर्ड म्हणजे घरापर्यंतच्या पायऱ्या. इथे शेवटचा कॉर्ड आणि जास्त वेळ दोन्ही एकाच बाजूला आहेत म्हणून वाद होत नाही.

'स्वीट होम'मध्ये पुरावे फुटलेत. चक्र डी वर सुरू होतं, सम डी वर पडते, पण वेळ जी ला दुप्पट. समेला मानणारे डी म्हणतात, मुक्कामाला मानणारे जी. आता त्याच्या शेजारी 'स्वीट चाइल्ड ओ माइन' ठेवा, १९८७, सुरुवातीला आणि कडव्यात गिटारवरचे शेप हेच तीन, डी सी जी, पण मांडणी बघा: डी दोन बार, सी दोन बार, जी दोन बार आणि परत डी दोन बार. तेच तीन कॉर्ड, त्याच क्रमाने, आणि इथे घर डी (आवाजात डी फ्लॅट) यावर भांडणारा सापडणं अवघड. फरक फक्त एवढाच की फेरी डी वर येऊन बंद होते. (त्या गाण्याचा सोलो मात्र ई मायनरच्या शेपमध्ये जातो, मध्ये बी सेव्हन येतो. एका गाण्याला एकच घर असलं पाहिजे असं कुणी लिहून दिलेलं नाही, प्रत्येक भागाची जोडी वेगळी लिहा.)

'हे जूड'चा शेवट पण तसाच. बीटल्स, १९६८, सात मिनिटांच्या वरचं गाणं आणि त्यातली शेवटची चारेक मिनिटं एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ एवढंच फिरत राहतं. अंतर मोजलं तर हे डी सी जी चंच भावंड आहे, एफ वरचा खमाज. पण तिथे पोचेपर्यंत तुम्ही तीन मिनिटं एफ मेजरमध्ये राहून आलेले असता, त्यामुळे घर कुठे हे कुणी विचारतच नाही. आधी काय ऐकलंय त्याचा पण कानावर असर असतो हे ह्यावरून घ्या.

म्हणजे मोजायच्या गोष्टी अशा: सम कशावर, मुक्काम कशावर, फेरी कुठे बंद होते, गायकाची ओळ कुठल्या सुरावर टेकते, आधीच्या भागात घर कुठे होतं. मी गायकाच्या ओळीला जास्त मार्क देतो. आपल्या कानाला चाल आधी आणि कॉर्ड नंतर अशी सवय आहे, जुन्या हिंदी सिनेमात तर कामाची वाटणीच बऱ्याचदा तशी होती, चाल संगीतकाराची, सा पक्का, आणि खाली कॉर्ड भरायचं काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींकडे. पण बरीच रॉक गाणी कॉर्डच्या चाकावरून सुरू होतात आणि चाल त्यावर नंतर बसते, तिथे फक्त चालीवर भरवसा ठेवून चालत नाही.

पायरी ७: मेजर की जोडीदार मायनर

हे भांडण सगळ्यात कॉमन म्हणून वेगळं घेतो, पण लांबवत नाही. 'देस्पासितो', २०१७, बी मायनर, जी, डी, ए. बी मायनर म्हणा किंवा डी मेजर म्हणा, सूर अगदी तेच. पुस्तकात मायनर ओळखायची खूण म्हणजे पाचवा कॉर्ड मेजर, बी मायनरला एफ शार्प मेजर, त्यातला ए शार्प म्हणजे शुद्ध नी जो सा कडे ओढतो. ह्या चाकात तो येत नाही, त्यामुळे पुस्तकवाले बी मायनरला पास करत नाहीत. पण चाक बी मायनरवर सुरू होतं, परत परत तिथेच पडतं, आणि मला तरी तिथेच घर वाटतं. हेच चार कॉर्ड डी पासून सुरू करून फिरवा, डी, ए, बी मायनर, जी, आणि एकदम डी मेजर वाटायला लागतं. करून बघाच.

पायरी ८: कॉर्डचं नाव वेगळं, काम वेगळं

घर ठरलं की कॉर्डना नंबर द्यायचे. घर १, मग ४, ५ वगैरे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओवाल्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ही नंबरांची पद्धत रुळवली, जॉर्डनेअर्स ह्या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूजने सुरू केली असं मानतात, म्हणजे गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच. सोय मोठी, अट एकच की १ कोण ते आधी ठरलं पाहिजे! डी सी जी ला डी घर धरून लिहाल तर १, कोमल ७, ४. जी घर धरून लिहाल तर ५, ४, १. घराचं भांडण असं नंबरांत उतरतं.

पण नंबर म्हणजे काम नव्हे. काम म्हणजे तो कॉर्ड तिथे करतोय काय, घरी बसलाय, घरापासून लांब नेतोय, की घराकडे ओढतोय. ह्यूगो रीमान नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८९३ मध्ये टॉनिक, सबडॉमिनंट, डॉमिनंट अशी ही तीन कामं पुस्तकात मांडली आणि शाळांमधून अजून तेच शिकवतात. त्यात ५ चा हट्ट फार, ५ नंतर १ आला की घर. रॉकमध्ये मात्र ४ वरून सरळ १ वर येणं इतकं नेहमीचं आहे की ट्रेव्हर डी क्लर्क आणि डेव्हिड टेंपरली ह्यांनी २०११ मध्ये रॉकची १०० गाणी मोजली तेव्हा १ नंतर सगळ्यात जास्त सापडलेला कॉर्ड ४ होता, ५ नव्हे. त्या दोघांनी प्रत्येक गाणं वेगवेगळं बसून लिहिलं आणि मग ताडून पाहिलं, बरंचसं जुळलं पण सगळं नाही. दोन प्रशिक्षित अभ्यासकांचं सगळं जुळत नाही तर आपलं हॉलमध्ये कसं जुळेल.

ब्लूज तर पुस्तकाला विचारतच नाही. पुस्तक म्हणतं सी सेव्हन आला की एफ कडे जायलाच हवं, आणि ब्लूजवाला सी सेव्हनवर मांडी घालून बसतो, तेच त्याचं घर.

आणि आता माझं आवडतं. रेडिओहेडचं 'क्रीप', १९९२, जी, बी, सी, सी मायनर. घर जी, त्यात फारसा वाद नाही. वाद दुसऱ्या कॉर्डवर. जी मेजरमध्ये बी मायनर असायला हवा, इथे बी मेजर आहे. एक बाजू म्हणते हा ई मायनरचा ५ आहे, ई मायनर येणार असं वाटायला लावतो आणि त्याऐवजी सी येतो, म्हणून तो धक्का. दुसरी बाजू म्हणते ई मायनर येतच नाही तर त्याचं नाव कशाला घ्यायचं, आतली एक ओळ बघा ना. जी मध्ये डी आहे, बी मध्ये डी शार्प, सी मध्ये ई, सी मायनरमध्ये परत खाली ई फ्लॅट म्हणजे तीच डी शार्पची पट्टी, आणि मग जी आला की डी. सा जी वर धरून म्हणा: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. हे नुसतं म्हणून बघा, गाण्याचा सगळा जीव त्या पाच सुरांत सापडतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण ही ओळ मला वाजवता येते, न येणारा ई मायनर वाजवता येत नाही. पण पहिल्या बाजूने ऐकलं की बी वर जे पोटात हलतं त्याचं कारण कळतं, म्हणून त्यांनाही मी ०.५ देतो.

नवीन माणसाने करायचं काय, तर कॉर्डखाली नंबर लिहा आणि नंबरखाली साध्या मराठीत काम लिहा. "ओढतो", "बसतो", "रंग बदलतो", असं काहीही. दोघांचं काम वेगळं आलं तर तो कॉर्ड गाळून किंवा बदलून वाजवा आणि काय तुटतं ते ऐका. 'क्रीप'मध्ये बी च्या जागी बी मायनर वाजवून बघा, सुरांच्या यादीत अगदी बरोबर बसतो आणि गाणं मात्र निघून जातं.

पायरी ९: घरच नसेल तर

फ्लीटवूड मॅकचं 'ड्रीम्स', १९७७. एफ आणि जी, एफ आणि जी, जवळजवळ सगळं गाणं ह्या दोनच कॉर्डच्या झोक्यावर, फक्त मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ए मायनर डोकावतो. सूर सगळे पांढरे. एफ घर म्हणाल तर कल्याण थाट, सी म्हणाल तर ४ आणि ५ चालू आहेत आणि १ येतच नाही, ए म्हणाल तर मायनर, एकदाच दर्शन देऊन गेलेलं. मार्क स्पायसर नावाच्या अभ्यासकाने २०१७ मध्ये अशा गाण्यांवरच लेख लिहिला, घर नाजूक असलेली, घर उशिरा येणारी आणि घर गैरहजर असलेली अशी गाणी असतात म्हणून. मला ते वाचून फार बरं वाटलं, म्हणजे आपला कान खराब नाही.

पायरी ४ ह्या गाण्यावर केली तर दर वेळी वेगळा सूर तोंडात येतो. तसं झालं तर जबरदस्तीने घर लिहू नका. वहीत "एफ-जी झोका, सूर पांढरे, घर उघडं" असं लिहा. सोलोवाल्याला पांढरे सूर कळले, बस. बेसवाल्याने मात्र उगाच सी वर येऊन टेकायचं नाही, तसं केलं की गाण्याचं अधांतरी लटकणं जातं आणि मग ते दुसरंच काहीतरी होतं. आमच्याकडे शेवट कसा करायचा यावरून दोन आठवडे घोळ चालला होता, शेवटी एफ वरच हळूहळू आवाज कमी करत सोडून दिलं.

सुरुवात कशावर करायची

पहिल्या आठवड्यात 'हे जो', तिथे कान पटकन होकार देतो. मग 'स्वीट चाइल्ड' आणि 'स्वीट होम' पाठोपाठ, एकाच दिवशी, एकाच गिटारवर, मात्रा लिहून. नंतर 'गेट लकी', आणि तेव्हा शक्यतो दुसरं कुणीतरी सोबत घ्या, आपापला सा आधी कागदावर लिहा आणि मग दाखवा, आधी बोललं की दुसऱ्याचा सा आपल्या कानात शिरतो. 'ड्रीम्स' सगळ्यात शेवटी.

आमच्या बँडच्या फायलीत 'स्वीट होम'च्या कागदावर वर माझ्या अक्षरात "डी, खमाज" आहे, त्याखाली बेसवाल्याने पेनाने "जी!!!" असं तीन उद्गारचिन्हांनी लिहिलंय. गायकाने दोन्ही वाचलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण एक सूर खाली घेता येईल का?" आता सी खमाजमध्ये वाजवतो. बेसवाला एफ म्हणतो.